तिळवण, पानफुटी, ज्वारी : एका पावसाळ्याची पानं

रविवार, ६ जुलै २०२५ (आषाढी एकादशी)

उपासाचं ताट वाढताना मी मनातल्या मनात त्याचे दोन भाग करत होते. भगर आणि राजगिऱ्याची वडी एका बाजूला. साबुदाणा, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी दुसऱ्या. प्रकाशसंश्लेषणाच्या पद्धतीनं पाहिलं तर वरी आणि राजगिरा सी-फोर वनस्पती, बाकी सगळ्या सी-थ्री. एरवीच्या ताटातही हीच विभागणी असते. भाकरी ज्वारीची असो, बाजरीची की नाचणीची, ती सी-फोर. पोळी, भात, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी सी-थ्री. ऊस सी-फोर, म्हणजे चहातली साखरही.

कॉलेजात हा धडा आला की फळ्यावर दोन चक्रं काढायची, कुठे किती एटीपी खर्च होतात ते लिहायचं, मका-ज्वारी-ऊस अशी उदाहरणं सांगायची, तोवर तास संपायचा. परीक्षेला फरकाचे मुद्दे. पण ज्वारीचे पूर्वज एके काळी भाताच्याच पद्धतीनं प्रकाशसंश्लेषण करत होते, मग तिथून इथवर ते आले कसे, हे पाठ्यपुस्तकात येत नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या प्रश्नाचं जे उत्तर हाती येत गेलं, ते मला जीवशास्त्रातल्या फार सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं. मराठीत ते सलग मांडावं असं कधीपासून मनात होतं. आता निवृत्तीनंतर सवड आहे, जुना मायक्रोस्कोप चालू आहे, आणि लागणाऱ्या वनस्पती बहुतेक सगळ्या कर्वेनगरातच मिळतील.

मंगळवार, ८ जुलै

आधी अडचण काय होती ते मांडून ठेवते, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी राहील.

हवेतला कार्बन पकडून साखरेच्या वाटेला लावणारं एन्झाइम म्हणजे रुबिस्को. हे फार जुनं. ते घडलं तेव्हा हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यांतला भेद काटेकोरपणे करण्याची त्याला गरज पडली नव्हती. आज हवेत ऑक्सिजन २१ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के. साध्या तापमानाला रुबिस्को तीन-चारदा कार्बन पकडतं, तेव्हा एखाद्या वेळी ऑक्सिजन धरतं. ऊन तापलं की हे प्रमाण आणखी बिघडतं. ऑक्सिजन धरल्यावर तयार होणारा निरुपयोगी पदार्थ पुन्हा मार्गी लावायला झाडाला ऊर्जा खर्चावी लागते आणि त्यात मिळवलेला थोडा कार्बनही हातचा जातो. याला प्रकाशश्वसन म्हणतात.

सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी हवेतला कार्बन डायऑक्साइड उतरत गेला, तशी ही गळती महागात पडू लागली. सी-फोर वनस्पतींनी काढलेली तोड अशी. पानाच्या मेसोफिल पेशींमध्ये पीईपी कार्बोक्झिलेज नावाचं दुसरं एन्झाइम कार्बन पकडतं. ते ऑक्सिजनला मुळीच भुलत नाही. त्यातून चार कार्बनचं आम्ल बनतं. ते शेजारच्या, शिरेला वेढून बसलेल्या बंडल शीथ पेशीत जातं आणि तिथे कार्बन डायऑक्साइड पुन्हा मोकळा होतो. रुबिस्को आता फक्त तिथेच. त्याच्याभोवती कार्बन इतका दाटतो की ऑक्सिजनची डाळ शिजत नाही.

ही तोड सपुष्प वनस्पतींमध्ये ६० हून अधिक वेळा, वेगवेगळ्या कुळांत, एकमेकांशी संबंध नसताना निघाली. जगातल्या वनस्पतींच्या जातींपैकी सी-फोर जाती जेमतेम तीन टक्के, पण जमिनीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा जवळपास पाव हिस्सा त्यांचा. आपल्या उपखंडात याचा पुरावा थेट मातीत आहे. शिवालिकच्या जुन्या मातीच्या थरांमधल्या चुनखडीत कार्बनच्या समस्थानिकांचं प्रमाण साधारण ७०-८० लाख वर्षांपूर्वी झपाट्यानं बदललेलं दिसतं. सी-थ्री झाडोरा मागे हटला आणि सी-फोर गवतं पसरली, ती त्या सुमारास.

एक गोष्ट ठळक लिहून ठेवते. पीईपी कार्बोक्झिलेज, मॅलिक एन्झाइम, कार्बोनिक अनहायड्रेज ही सगळी एन्झाइमं भाताकडेही आहेत. गव्हाकडे आहेत, तुरीकडे आहेत. तिथे ती दुसरी किरकोळ कामं करतात. म्हणजे ६० वेळा नवी यंत्रणा शून्यातून जन्माला आली असं नाही. बदललं ते हे, की कोणतं जनुक कोणत्या पेशीत चालू व्हायचं, किती जोरात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी.

रविवार, १३ जुलै

पावसानं सकाळी उघडीप दिली. कॅनॉल रोडलगतच्या एका मोकळ्या प्लॉटच्या कडेला हवी होती ती जोडी मिळाली. पांढरी तिळवण आणि पिवळी तिळवण. हातभर अंतरावर दोघी उगवलेल्या. पांढरीची पाच पर्णिका असलेली पानं, लांब बाहेर आलेले जांभळट पुंकेसर आणि चुरगाळल्यावर येणारा उग्र दर्प. पिवळी अंगानं चिकट, केसाळ. ट्रॅक्टरनं सपाट केलेल्या राडारोड्यावर, जिथे दुसरं काही टिकत नाही, तिथे या दोघी दर पावसाळ्यात हटकून येतात. पांढरी तिळवण सी-फोर आहे, पिवळी सी-थ्री. एकाच कुळातल्या.

घरी येऊन गाजराला चीर देऊन त्यात पानाचा तुकडा बसवला आणि नव्या ब्लेडनं पातळ काप काढत गेले. वॉच ग्लासमधल्या पाण्यात काप सोडायचे, त्यांतला सर्वांत पातळ ब्रशनं उचलायचा, स्लाइडवर ठेवून वर कव्हरस्लिप. अजून हात स्थिर आहे.

आधी पिवळीचा काप. वरच्या बाजूला उभ्या पेशींची दाट हिरवी रांग, खाली विरळ पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या. शिरेभोवतीच्या पेशी जवळजवळ रंगहीन. दोन शिरांमध्ये अंतर बरंच. मग पांढरीचा. दहाच्या लेन्सखालीच फरक डोळ्यांत भरला. शिरा दाटीनं, आणि प्रत्येक शिरेभोवती मोठ्या पेशींचं गर्द हिरवं कडं. चाळीसची लेन्स लावल्यावर दिसलं की त्या पेशींमधली हरितलवकं शिरेकडच्या बाजूला सरकून गच्च बसली आहेत. त्या कड्याच्या बाहेर मेसोफिल पेशींचं दुसरं कडं. हीच ती क्रांझ रचना. ऑस्ट्रियाच्या हाबरलांटनी १८८०च्या दशकात तिचं नीट वर्णन केलं, पण ती कशासाठी आहे ते कळायला आणखी ऐंशी वर्षं जावी लागली. १९६५ साली हवाईतल्या संशोधकांनी उसाच्या पानात कार्बन आधी चार कार्बनच्या आम्लांत जातो हे छापलं. १९६६ साली ब्रिस्बेनमध्ये हॅच आणि स्लॅक यांनी उसावरच काम करून सगळी साखळी जुळवली.

समोरच्या वहिनी डोकावल्या. त्यांनाही दाखवलं. म्हणाल्या, "अहो, ही आमच्याकडे बांधावर मोप असते. भाजी करतात हिची." त्यांचं माहेर मंगळवेढ्याचं.

सोमवार, १४ जुलै

तिळवणीनं जे शिकवलं ते आज लिहिते. केंब्रिजच्या ज्युलियन हिबर्ड यांच्या गटानं २०११ साली ‘सायन्स’मध्ये छापलेलं काम आहे.

पांढऱ्या तिळवणीत कार्बन पुन्हा मोकळा करण्याचं काम एनएडी-मॅलिक एन्झाइम करतं आणि ते फक्त बंडल शीथमध्येच भरपूर बनतं. या जनुकाला ‘फक्त इथेच’ ही सूचना कुठून मिळते? सर्वसाधारण समज असा, की अशी सूचना जनुकाच्या आधीच्या भागात, म्हणजे प्रमोटरमध्ये असते. इथे ती जनुकाच्या आतच सापडली, प्रथिनाची कृती लिहिलेल्या भागात. तेच डीएनए प्रथिन कसं बनवायचं हेही सांगतं आणि कोणत्या पेशीत बनवायचं हेही. एका मजकुराला दोन अर्थ.

त्याहून मोठी गोष्ट पुढची. मोहरीच्या कुळातली अ‍ॅराबिडोप्सिस ही चिमुकली सी-थ्री वनस्पती तिळवणीची लांबची नातेवाईक. तिचं तेच जनुक उचलून तिळवणीत घातलं. अ‍ॅराबिडोप्सिसनं सी-फोरचा मार्ग कधीच धरलेला नाही. तरी तिचं जनुक तिळवणीच्या पानात गेल्यावर शिस्तीत बंडल शीथमध्येच चालू झालं. सूचना त्या सी-थ्री जनुकात आधीपासून लिहिलेली होती, फक्त ती वाचणारी व्यवस्था अ‍ॅराबिडोप्सिसच्या पानात त्या कामाला लागलेली नव्हती. पुढे याच गटाला अशा खुणा वनस्पतींच्या फार जुन्या शाखांमध्येही दिसल्या.

मला या प्रयोगाचं अप्रूप वाटतं ते एवढ्यासाठी, की ६० वेळा तीच गोष्ट कशी घडली या कोड्याची पहिली गाठ इथे सुटते. लागणाऱ्या सूचना आधीच लिहिलेल्या असतील तर वाट पुष्कळच आखूड होते.

शनिवार, १९ जुलै

गॅलरीतली पानफुटी. पहाटे साडेपाचला एक पान खुडून खलात वाटलं, रस पीएच पट्टीवर टेकवला. पट्टी केशरी झाली, म्हणजे चारच्या आसपास. संध्याकाळी पाचला त्याच रोपाचं शेजारचं पान घेतलं. पट्टी पिवळी, साडेपाच-सहाकडे झुकलेली. आज दुपारी चांगलं ऊन होतं. परवा दिवसभर आभाळ होतं तेव्हा संध्याकाळचा रसही बराच आंबट निघाला होता, कारण आम्ल मोडायला उजेड लागतो.

ही नोंद सर्वप्रथम आपल्याच देशात झाली. बेंजामिन हाइन हा वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिण भारतात काम करत होता. त्यानं पानफुटीचं पान सकाळी चघळलं तर आंबट लागतं, दुपारपर्यंत आंबटपणा जातो आणि संध्याकाळी ते कडवट लागतं, असं १८१३ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या लँबर्टना पत्रानं कळवलं. दोन वर्षांनी ते छापून आलं. (मी पान चघळत नाही. पानफुटीत हृदयाला अपाय करणारी द्रव्यं असतात, मुलांनाही तसंच सांगते.)

पानफुटीचा मार्ग सीएएम नावानं ओळखला जातो. एन्झाइमं पुन्हा तीच, पीईपी कार्बोक्झिलेज आणि मंडळी. पण इथे दोन कामं दोन पेशींत न वाटता दोन वेळांत वाटली आहेत. रात्री गारव्यात पर्णरंध्रं उघडायची, कार्बन पकडून आम्लाच्या रूपात पेशीतल्या मोठ्या पोकळीत साठवायचा. दिवसा रंध्रं मिटायची आणि ते आम्ल मोडून कार्बन रुबिस्कोला द्यायचा. पाणी वाचतं.

तेव्हा इथे प्रश्न ‘कुठे’ हा नसून ‘केव्हा’ हा आहे. वनस्पतीच्या पेशीत दिवस-रात्रीचं स्वतःचं घड्याळ असतं. त्या घड्याळानुसार पीईपी कार्बोक्झिलेजला फॉस्फेट चिकटवणारं एक प्रथिन रात्रीच बनतं. फॉस्फेट लागलं की साठत चाललेल्या आम्लाचा अडथळा न मानता पीईपी कार्बोक्झिलेज काम करत राहतं. १९९९ साली हे पानफुटीच्याच भाऊबंदांत दाखवलं गेलं. २०१५ साली अननसाचा जीनोम वाचला गेला. त्यातही कार्बोनिक अनहायड्रेजच्या जनुकांच्या प्रमोटरमध्ये घड्याळाच्या प्रथिनाला बसायला जागा सापडल्या. अननसानं नवी जनुकं कमावली नाहीत, जुन्यांना घड्याळाला जोडलं.

रविवार, २७ जुलै

भाच्याबरोबर पवन मावळात गेले. कामशेतच्या पुढे चोहीकडे लावणी चालू होती. गुडघाभर चिखलात ओळीनं वाकलेल्या बाया, पावसाची रिपरिप, खाचरांत तुंबलेलं पाणी. इथला इंद्रायणी हा भाताचा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडला, आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून. पुण्यात आता घरोघरी तोच.

भाच्यानं विचारलं, "मावशी, मग हा भातही ज्वारीसारखा केला तर पीक वाढेल का गं?" मी म्हटलं, इथे फारसं नाही. सी-फोरचा खरा फायदा तापलेल्या, स्वच्छ उन्हाच्या ठिकाणी. मावळातल्या श्रावणात आठवडा-आठवडा सूर्य दिसत नाही. गारठ्यात रुबिस्को फार घसरत नाही आणि सी-फोरला जादा एटीपी मोजावे लागतात ते वेगळंच. मनिलातल्या किंवा तंजावरच्या उन्हाळी भाताचं गणित निराळं. सी-फोर म्हणजे सुधारलेलं आणि सी-थ्री म्हणजे मागासलेलं, ही वर्गात रुजलेली समजूत काढून टाकायला हवी.

मंगळवार, २९ जुलै (नागपंचमी)

ज्वारीच्या लाह्या आणि दूध. आज ज्वारीबद्दल लिहायचं ठरवलंच होतं.

भाताचा जीनोम २००५ साली पूर्ण वाचला गेला. त्या आंतरराष्ट्रीय कामात अकराव्या गुणसूत्राच्या काही भागाची जबाबदारी भारतानं उचलली होती. ज्वारीचा जीनोम २००९ साली आला. ज्वारीचं डीएनए भाताच्या जवळजवळ दुप्पट, तरी तिची जनुकं सुमारे २७ हजार, भाताहून जास्त नाहीत. नुसती जनुकांची यादी समोर ठेवून यातली सी-फोर कोण, हे ओळखता आलं नसतं. दोघांचा समाईक पूर्वज पाच ते आठ कोटी वर्षांपूर्वीचा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये जो निबंध आला त्यानं ज्वारी आणि भात पेशी-पेशीनं समोरासमोर ठेवले. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटचे जोसेफ स्विफ्ट आणि जोसेफ एकर, केंब्रिजच्या लिओनी लुगिनब्यूल आणि हिबर्ड, असा मोठा गट. दोन्हींची रोपं अंधारात उगवली, म्हणजे ती पिवळट आणि बारीक राहिली. मग उजेडात आणून पुढचे ४८ तास पानं हिरवी होत असताना पेशींची केंद्रकं एकेकटी वेगळी काढली आणि प्रत्येकात कोणती जनुकं चालू आहेत, डीएनएचा कोणता भाग उघडा आहे, ते वाचलं.

बंडल शीथ भातालाही असतं. ते प्रकाशसंश्लेषणात फारसं पडत नाही. पाण्याची ने-आण, नायट्रेट आणि गंधक मार्गी लावणं ही त्याची कामं. भाताच्या आणि ज्वारीच्या बंडल शीथमध्ये डॉफ नावाच्या प्रथिनांचं कुटुंब काम करताना दिसलं. डॉफ ही ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर प्रथिनं. डीएनएवर ठराविक अक्षरं दिसली की तिथे बसायचं आणि शेजारचं जनुक चालू करायचं. डॉफला ओळखू येणारा गाभा चार अक्षरांचा : एएएजी. ज्वारीत प्रकाशसंश्लेषणाची जी जनुकं मेसोफिलमधून बंडल शीथमध्ये गेली, त्यांच्याजवळ या खुणा वाढलेल्या होत्या. भातातल्या त्याच जनुकांजवळ तशा नव्हत्या.

आमच्या बिल्डिंगमध्ये दूधवाला रोज पहाटे येतो, जिन्यानं शेवटच्या मजल्यापर्यंत जातो. ज्यांनी दाराला पिशवी अडकवली असेल त्यांना दूध मिळतं. नव्या बिऱ्हाडाला दूध हवं तर नवा दूधवाला शोधायला नको, पिशवी अडकवली की झालं. डॉफ कोट्यवधी वर्षं बंडल शीथच्या जिन्यात ये-जा करतच होतं. ज्वारीच्या पूर्वजांच्या प्रकाशसंश्लेषक जनुकांनी एएएजीची पिशवी दाराला अडकवली.

बुधवार, ३० जुलै

कालचं आज पुन्हा वाचताना कागदावर हिशेब केला. डीएनएची अक्षरं चार. एखादा चार अक्षरी शब्द निव्वळ योगायोगानं सरासरी २५६ अक्षरांत एकदा येतो. डीएनएला दोन धागे, दोन्हींकडून वाचलं तर आणखी लवकर, १२८ मध्ये एकदा. एएएजी व्हायला एक अक्षर कमी पडतंय अशा जागा तर कितीतरी अधिक. एका अक्षराचं उत्परिवर्तन झालं की खूण तयार. संपूर्ण नवं एन्झाइम घडवायला लागणारा काळ आणि हा काळ, यांची बरोबरीच नाही. ६० वेळा हे घडू शकलं त्यात या स्वस्ताईचा वाटा मोठा असणार.

पण इतकी सोपी खूण असेल तर सगळ्याच जनुकांना ती लागायची. एकटी खूण पुरत नाही. ती उघड्या डीएनएत हवी, एकाजवळ एक अशा अनेक हव्यात, शेजारी कोण बसलंय त्यालाही महत्त्व. म्हणून तर या लोकांनी डीएनएचा उघडा भागही मोजला.

आणि सगळ्या सी-फोर वनस्पतींनी हीच खूण वापरली असंही नाही. तिळवणीत सूचना जनुकाच्या पोटात होती ते वर आलंच आहे. झेंडूच्या कुळातल्या फ्लॅव्हेरियाच्या सी-फोर जातीत पीईपी कार्बोक्झिलेजला मेसोफिलमध्ये बांधून ठेवणारा ४१ अक्षरांचा एक तुकडा जर्मनीत २००४ साली सापडला. त्यात सीएसीटी ही चार अक्षरं महत्त्वाची. फ्लॅव्हेरियात सी-थ्री, सी-फोर आणि दोहोंच्या अधल्यामधल्या अशा सगळ्या जाती आजही जिवंत आहेत, म्हणून तो तुकडा टप्प्याटप्प्यानं कसा बदलत गेला ते शेजारी-शेजारी ठेवून पाहता आलं. जाण्याचं ठिकाण एक, तिथे पोचवणारी सूचना मात्र ज्याची त्यानं जुनं काही तरी हाताशी धरून बनवली.

रविवार, १० ऑगस्ट

वहिनींनी माहेरून आलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या पाठवल्या. मालदांडी. पांढरीशुभ्र, पापुद्रा टम्म सुटलेला, गार झाली तरी चिवट होत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. एम-३५-१ हा मालदांडीचा निवडक वाण मोहोळच्या केंद्रावर १९३०च्या दशकात स्थानिक ज्वारीतून निवडला. त्यानंतर फुले वसुधा, फुले रेवती, परभणी मोती असे किती वाण आले, तरी सोलापूरकडचा शेतकरी भाकरीला आणि कडब्याला मालदांडीचंच नाव घेतो.

रब्बी ज्वारीची एक गोष्ट पुस्तकी व्याख्येत बसत नाही. सी-फोर म्हणजे कडक उन्हाचं पीक, असं आपण सांगतो. ही तर सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि थंडीत वाढते. पाऊस संपलेला. काळ्या मातीनं धरून ठेवलेल्या ओलीवर आणि दवावर सगळा हंगाम. इथे सी-फोरचा उपयोग उन्हापेक्षा पाण्यासाठी. पीईपी कार्बोक्झिलेज थोडक्या कार्बनवरही भागवतं, त्यामुळे पर्णरंध्रं बेताची उघडली तरी चालतं आणि पाणी कमी उडतं. मंगळवेढ्याच्या त्या खोल काळ्या रानात पाण्याची एकही पाळी न देता कणीस भरतं, त्यात या पानातल्या दोन कड्यांचा मोठा हात आहे. ज्वारीखालचं रान वर्षानुवर्षं कमी होत चाललंय, ऊस वाढतोय. दोन्ही सी-फोर. पण पाण्याच्या हिशेबात एक इथली आणि दुसरा कालव्याचा, हे विसरून कसं चालेल?

पुढच्या प्रयोगासाठी भाजीवालीकडून मुळांसकट घोळ आणली होती, ती कुंड्यांत छान धरली आहे. त्यातल्या अर्ध्या कुंड्या छपराखाली सरकवल्या, पाणी बंद.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

सी-फोर भाताचा प्रकल्प. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत जॉन शीही यांनी ही कल्पना लावून धरली, २००८-०९ पासून बऱ्याच देशांतल्या प्रयोगशाळा एकत्र आल्या, पुढे सूत्रं ऑक्सफर्डच्या जेन लँगडेल यांच्याकडे. एन्झाइमांची जनुकं मक्यातून भातात नेणं त्या मानानं सोपं होतं. ती नेली. भात सी-फोर झाला नाही. जनुक नेलं तरी ते कुठे चालू व्हायचं हे ठरवणारं सगळं भाताचंच राहिलं आणि पानाची रचनाही भाताचीच.

२०१७ साली लँगडेल यांच्या गटानं मग दुसऱ्या टोकाकडून हात घातला. एन्झाइम बाजूला ठेवून मक्याचं ‘गोल्डन-टू-लाइक’ हे नियामक जनुक भातात चालू केलं. भाताच्या बंडल शीथमध्ये, जिथे एरवी नाममात्र हरितलवकं असतात, तिथे ती भरली. सी-फोरकडे जाण्याच्या वाटेवरचा पहिला टप्पा. आता डॉफबद्दल जे कळलंय त्यानं पुढची दिशाही स्पष्ट होते. डॉफ भातात आहेच. भाताच्या योग्य जनुकांजवळ, योग्य जागी, खुणा लिहून पाहणं आजच्या जनुक-संपादनाच्या तंत्रानं शक्य कोटीतलं आहे. डझनावारी जनुकं एकाच वेळी सांभाळावी लागतील, शिरा जवळ आणाव्या लागतील, म्हणून हे लवकर होईल असं मला वाटत नाही. पण काम आता योग्य जागी चाललं आहे, याचा मला मनापासून आनंद आहे.

ही गोष्ट अकरावी-बारावीच्या मुलांना कळली पाहिजे. सी-थ्री आणि सी-फोरचा तक्ता पाठ करून आलेल्या मुलांच्या मनात जनुकनियमन हा एक वेगळा, ई-कोलायच्या लॅक ऑपेरॉनपुरता धडा असतो. हे दोन्ही धडे एकाच पानात भेटतात हे दाखवायला एक तिळवण आणि एक ब्लेड पुरतं.

शनिवार, २३ ऑगस्ट

घोळीचा निकाल. पहाटे दोन्हींकडची पानं घेतली. पाणी मिळत असलेल्या कुंडीतल्या पानांचा रस पट्टीवर पिवळसर. कोरड्या कुंडीतल्या पानांचा स्पष्ट केशरी. त्या कुंडीतली रोपं मरगळली आहेत, देठ लाल झालेत, पण मेलेली नाहीत. संध्याकाळी पुन्हा पाहिलं, तेव्हा कोरड्यांचा आंबटपणा उतरला होता.

घोळ एरवी सी-फोर असते. पाणी तुटलं की ती सी-फोर सोडत नाही आणि त्यातच सीएएमही सुरू करते. येल विद्यापीठातल्या एरिका एडवर्ड्स यांच्या गटानं २०२२ साली हे पेशींच्या पातळीवर दाखवलं. दोन्ही मार्ग वेगळ्या पेशींत वाटलेले नाहीत, त्याच मेसोफिल पेशींत दोन्ही चालतात. रात्री साठवलेलं आम्ल दिवसा सी-फोरच्याच वाटेनं बंडल शीथकडे जातं. आणि घोळीकडे पीईपी कार्बोक्झिलेजच्या जनुकाच्या अनेक प्रती आहेत. त्यांतली एक सी-फोरसाठी, दिवसा चालणारी. दुसरी सीएएमसाठी, दुष्काळ पडल्यावर रात्री जागी होणारी. एकाच पेशीत, एकाच घराण्यातली दोन जनुकं, एक उजेडाच्या हुकमात आणि दुसरं तहानेच्या व घड्याळाच्या. ‘कुठे’ आणि ‘केव्हा’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरं इथे एका पेशीत बसली आहेत, आणि मंडईत जुडीनं मिळणाऱ्या भाजीत.

कोरड्या कुंड्यांना आता पाणी सुरू केलं आहे. आम्ल किती दिवसांत ओसरतं ते रोज पहाटे पाहायचं. रात्रीची ती दुसरी प्रत पाणी मिळाल्यावर पुन्हा बंद होते असं निबंधात आहे. पट्टीवर ते कितपत दिसेल बघू.